नाव टाकणारे लिंबाजीमामा

समजा, तुम्ही घराच्या छतासाठी एक कोरं करकरीत सोलर पॅनल आणलंत, आणि नंतर तुम्हाला कळलं की ते कारखान्यातून निघण्याआधीच तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याच्यावर मुद्दाम छिन्नी चालवली होती, तर तुम्ही त्या म्हाताऱ्याचं काय कराल?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती.

म्हातारा म्हणजे लिंबाजीमामा. आखाडा बाळापूरच्या बाहेर, रस्त्याला लागून कापसाचं एक जुनं गोदाम आहे. त्यात आमच्या मालकाने पॅनल जोडायचा कारखाना काढला. कारखाना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, तसं तिथे काही नाही. सहा टेबलं, एक भट्टी, एक दाबयंत्र, एक अंधारी खोली आणि वर तापलेले पत्रे. उन्हापासून वीज काढायची वस्तू बनवणारी आम्ही माणसं दिवसभर त्या पत्र्याखाली उन्हाला शिव्या देत असू.

टेबलांवर बायका. प्रत्येकीपुढे निळसर काळ्या चौकोनी चकत्यांची चळत. या चकत्या म्हणजे सेल. उन्हाची वीज करतात त्या याच. उडदाच्या पापडाहून पातळ आणि पापडाहून लवकर मोडणाऱ्या. बायका त्यांच्यावर चपट्या तारा सोल्डर करतात, एकीची पाठ दुसरीच्या तोंडाला जोडत दहा दहा सेलच्या माळा करतात. मग काच आडवी ठेवायची, तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, त्याच्यावर सहा माळा, पुन्हा तोच पडदा आणि शेवटी पांढरी पाठ. हा सगळा थर भट्टीत सरकवला की भट्टी आधी आतली हवा ओढून घेते, मग तापते, मग दाबते. पाव तासाने बाहेर येतं तेव्हा काच, सेल आणि प्लॅस्टिक मिळून एकच जीव झालेला असतो. कडेचं फाजील प्लॅस्टिक कापायचं, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची चौकट बसवायची, मागे तारांची डबी चिकटवायची, की पॅनल अंधाऱ्या खोलीत माझ्याकडे.

मी तपासणीला होते. पॅनलवर डोळ्याची पापणी लवेतो एक प्रखर दिवा पडायचा आणि संगणक सांगायचा, किती वॅट. मग अंधारात त्याच्यात वीज सोडून फोटो काढायचा. सेलला तडा असला तर फोटोत काळी रेघ उठते. रेघ दिसली की मी पॅनल बाद करायची. बाद करायला मला फार आवडायचं. त्याला कारण माझं बालपण. माझे वडील शाळामास्तर आणि संघटनेचे कार्यकर्ते. घरात पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'धिक्कार' या शब्दापासून. आमच्याकडे पाहुण्यांना पोहे पत्रकावर मिळायचे, आणि पोहे संपले की खालचा मजकूर वाचून काढावा अशी वडिलांची अपेक्षा असायची.

त्यामुळे कारखान्यात रुजू झाले त्याच दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत बायकांपुढे श्रमावर श्रमिकाचा हक्क या विषयावर बोलले. शेवटी म्हणाले, "आणि मला मॅडम म्हणू नका."

"बरं मॅडम," सगळ्या म्हणाल्या.

लिंबाजीमामा कोपऱ्यात भाकरी खात होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुनाचा हाय हा?"

"माझा."

"कशावरून?"

भरल्या सभेत वडिलांनाही कुणी इतका अडचणीचा प्रश्न विचारला नव्हता. मामांनी डबा उचलला, उलटा केला, बूड न्याहाळलं आणि मान हलवत परत ठेवला. संध्याकाळी डब्याच्या बुडावर ठिपक्याठिपक्यांच्या सुबक अक्षरांत माझं नाव होतं. खाली गाव होतं. मी संतापले. विचारलं, "न विचारता माझ्या वस्तूला हात कसा लावलात?"

"आता तुमची झाली," मामा शांतपणे म्हणाले. "सकाळी कुनाची बी व्हती."

मामांचा मूळ धंदा भांड्यांवर नाव टाकायचा. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे पोतं अंथरून ते बसत. लग्नसराईत लोक हंडे, पराती, तांबे घेऊन रांग लावत आणि मामा छिन्नीच्या टोकाने एकेक ठिपका ठोकत 'चि. सौ. कां.' पासून 'मामाकडून सप्रेम भेट' पर्यंत सगळं उठवत. पुढे दुकानदारांनीच घर्रर्र आवाज करणारी विजेची यंत्रं घेतली, आणि लोकही आहेर पाकिटात घालून द्यायला लागले. मामा काम मागायला आमच्या मालकाकडे आले.

"येतं काय तुम्हाला?" मालकाने विचारलं.

"पितळ, तांबं, स्टील, ॲल्युमिन. कोनाला किती ठोका सोसतो ते ठावं हाय."

मालकाने त्यांना चौकटीवर बसवलं. चौकट बसवणं दिसतं सोपं. चार पट्ट्या, चार कोपरे, खाचेत चिकट रसायन आणि दाबयंत्राचा एक दणका. पण दणका इकडचा तिकडे झाला तर आतल्या सेलला तडा जातो, आणि तो बाहेरून दिसत नाही. मामांच्या हातून आलेल्या पॅनलला माझ्या फोटोत काळी रेघ क्वचितच उठायची. त्यांना बाद करता येत नसल्याचा मला थोडा रागही होता.

आत यायचं तर केस झाकणारी जाळीची टोपी घालणं सक्तीचं होतं. मामा ती पटक्यावरून घालत. मालक म्हणाला, "पटका काढून घाला की." मामा म्हणाले, "मग टोपी कशाला? पटका हायच की." या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

'कुनाची हाय ही?' हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न. झाडू, पाना, पाण्याचा जग, दाराबाहेरच्या चपला, कशालाही तो लागू. उत्तर आलं नाही तर वस्तू त्यांच्या पिशवीत जायची आणि दुसऱ्या दिवशी नाव घेऊन परत यायची. भट्टी परदेशातून आलेली, तिच्यावरची अक्षरं आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हती. मामांनी तिच्या पायावर कोरलं, 'भट्टी, मु. पो. आखाडा बाळापूर.' मालकाने डोक्याला हात लावला. मामा म्हणाले, "एवढ्या लांबून आली बिचारी. हरवली तर?"

चहाच्या टपरीवर ते चहा प्यायच्या आधी ग्लास वर धरून बूड वाचत. एकदा वाचता वाचता थबकले. ग्लासावर त्यांचंच अक्षर होतं.

"हा जवळा बाजारचा हाय. कोळपे सावकाराच्या सुनेचा. हितं काहून?"

"मामा, मोडीत घेतला व्हता," टपरीवाला म्हणाला.

"मोडीत देनारा कोन? तिनं दिला का तिच्या दिरानं?"

टपरीवाल्याला चहा विकायचा होता, सुनेचा इतिहास नको होता. मामांनी नवा ग्लास विकत आणून त्याला दिला, जुना पिशवीत घातला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी रजा टाकून जवळा बाजारला जाऊन त्या बाईच्या हातात दिला. परत आल्यावर म्हणाले, "दिरानंच दिला व्हता." एवढंच. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान होतं.

मला ते विक्षिप्त वाटत, पण निरुपद्रवी. ते मला 'पत्रकबाई' म्हणत. मी म्हणे, हे खासगी मालमत्तेचं वेड आहे. ते म्हणत, व्हय.

मग तो दिवस आला.

मी एका तयार पॅनलच्या पाठीला लेबल लावत होते. चौकट उचलताना खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला बोटाला काहीतरी खरखरलं. वाकून पाहिलं. ठिपक्यांची अक्षरं. 'यमुना. कुरुंदा.'

दुसरं पॅनल पाहिलं. 'गोदावरी. जवळा बाजार.' तिसरं. 'शबाना. वसमत.' रचून ठेवलेली सगळी चळत मी उलटीपालटी केली. प्रत्येक पॅनलवर एक नाव आणि एक गाव. माझ्या कानातून वाफ निघायला लागली.

हा माल एका सरकारी योजनेतून गावोगावच्या पाण्याच्या पंपांवर जाणार होता. पंप मिळावा म्हणून लोक अर्ज करून वाट पाहत होते. आणि इथे, माझ्या नाकाखाली, कुणाला काय मिळणार हे आधीच ठरलेलं! वशिल्याची यादी, तीही कागदावर नाही, धातूवर! मला त्या धाडसाचाच धक्का बसला. आजवर भ्रष्टाचार करणारे निदान पुरावा मागे ठेवायला लाजत होते.

दुपारी भट्टीचा हवा ओढणारा पंप सुरू होऊन घरघरायला लागला तसा मी कान दिला. घरघरीच्या आड बारीक टिक टिक. मामा चौकटीपाशी उकिडवे बसले होते, नाकावर चष्मा, हातात छिन्नी.

"मामा, काय चाललंय?"

छिन्नी पटक्यात गेली. "काई न्हाई. कोपरा बराबर बसला का बघून राहिलो."

खोटं! तेही तोंडावर! आता विचारायचं काय उरलं होतं? मी काही विचारलं नाही. आज मला सगळ्यात मोठा धक्का याचा बसतो. त्यांना नाही, टेबलांवरच्या बायकांनाही मी विचारलं नाही. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं.

मथळा होता, 'सूर्यावर दरोडा!' खाली सगळी नावं आणि गावं. त्याखाली, 'कोण ही यमुना? कोण ही गोदावरी? कोण ही शबाना? जनतेला उत्तर हवं!' एक प्रत पॅनल विकत घेणाऱ्या कार्यालयाकडे पाठवली, एक कारखान्याच्या फाटकावर चिकटवली.

बायका फाटकाशी थांबल्या. एकीने मोठ्याने वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. मग सगळ्या आपापल्या टेबलांवर गेल्या. जेवणाच्या सुट्टीत रोज माझ्या डब्याच्या झाकणात पडणारी भाजी त्या दिवशी पडली नाही. शेवटी टेबल दोनवरची गजूची आई माझ्यापाशी आली.

"मॅडम, हे तुमी लिवलं व्हय?"

"हो. आणि मला मॅडम म्हणू नका."

"बरं," ती म्हणाली, आणि खरंच म्हणाली नाही. नुसतंच 'बरं' म्हणून गेली.

मामांनी पत्रक बोट फिरवत सावकाश वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

आठवड्याने त्या कार्यालयातून तपासणीचे साहेब आले. बारीक अंगाचे, हातात माझं पत्रक. मालकाचा चेहरा पॅनलच्या पाठीसारखा पांढरा. अंगणात सतरंज्या टाकून पॅनलं पालथी ठेवली होती. सगळ्यांना बाहेर बोलावलं. उन्हात आम्ही ओळीने उभे. मी पुढे होते, आरोप करणाऱ्याने पुढे उभं राहायचं असतं म्हणून. मामा शेवटी होते, पटक्यावर जाळीची टोपी तशीच.

साहेब पहिल्या पॅनलपाशी वाकले आणि मोठ्याने वाचलं, "यमुना, कुरुंदा. कोण ही यमुना?"

"मी," गजूची आई म्हणाली.

साहेबांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. गजूच्या आईला मी दीड वर्ष ओळखत होते. तिला नाव असेल हे मला सुचलंच नव्हतं.

"तुमचा पंपासाठी अर्ज आहे?"

"न्हाई साहेब. माज्या घरी विहीर बी न्हाई. त्याच्यातल्या माळा मी जोडल्या. साठ सेल हायत. एक बी मोडला न्हाई."

साहेब दुसऱ्यापाशी गेले. "गोदावरी, जवळा बाजार?"

"मी." टेबल तीन. आम्ही तिला टेबल तीनच म्हणत असू. "जवळा बाजार माहेर हाय. सासर हितलंच हाय, पण ते न्हाई टाकू दिलं मी."

"शबाना, वसमत?"

"मैं जी," आम्ही जिला नुसतं चाची म्हणत असू ती म्हणाली. "मेराच है वो. मेरे हाथ का."

एकामागून एक. साहेब नाव वाचायचे आणि ओळीतून 'मी' यायचं. शाळेतली हजेरी असावी तसं. फक्त आवाज शाळेतल्यासारखे नव्हते. कारखान्याच्या हजेरीपटावर या बायका नवऱ्याच्या नावाने, आडनावाने लागल्या होत्या. आमच्या तोंडी कुणाची तरी आई, चाची, नाहीतर टेबलाचा आकडा. मी त्यांच्या हक्कांवर तीन पत्रकं लिहिली होती. एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेली ती नावं वाचून मी त्यांना दरोडेखोर ठरवलं होतं.

"हे कोरलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"म्या," मागून मामा म्हणाले.

"काहून पण?" मालक ओरडला.

"कुनाची हाय ते कळाया नको?"

"पॅनल कंपनीचं आहे आजोबा," साहेब म्हणाले. "हे बघा, लेबलवर आहे की."

मामांनी ते लेबल पाहिलं. ते मीच छापलं होतं. त्यावर कंपनीचं नाव होतं, वॅट होते, व्होल्ट होते, आकडा होता, बारकोड होता, पंचवीस वर्षांची हमी होती.

"कंपनीचं हायच की साहेब. हंडा बी नवऱ्याच्या घरीच राहतो. पण नाव तिचं असतं."

बायकांमध्ये खसखस पिकली. साहेबांनी हसू आवरलं, पण ते खालमानेने जे बोलले ते ऐकून सगळं हसू विरलं. चौकटीच्या ॲल्युमिनियमवर एक फार पातळ राखणदार थर दिलेला असतो. छिन्नीने तो फुटतो. पाणी लागलं की तिथून ते धातू खायला लागतं. हा माल त्यांना घेता येणार नाही. आणि ज्याने हे केलं, तो माणूस या कामावर राहता कामा नये.

मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरणार नाही. कामावरून जायची भीती नव्हती ती. कोणत्या धातूला किती ठोका सोसतो हे आयुष्यभर ठाऊक असलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की तुझा ठोका याला सोसला नाही.

"खातं व्हय ते?" त्यांनी हळूच विचारलं. "नावापासून?"

"घासून टाकतो साहेब," मालक घाईने म्हणाला. "कानस आणा रे कुणी!"

"कानशीनं जास्त थर जाईल," टेबल तीन म्हणाली. म्हणजे गोदावरी म्हणाली. "आमी रोज इतकं चिकटवतो, लेपतो. याच्यावर बी लेप द्या की कशाचा तरी. पानी शिरनार न्हाई."

साहेबांनी वाकून एका नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, पारदर्शक वॉर्निशचे दोन हात प्रत्येक नावावर, दोन दिवस वाळवणं, आणि ते स्वतः येऊन पुन्हा बघणार. या एका वेळेपुरतं. पुढे छिन्नी नाही. म्हाताऱ्याला चौकटीवरून काढा.

वॉर्निश आलं. बायकांनी ब्रश वाटून घेतले आणि जिने तिने आपापल्या नावावर लेप दिला. गजूच्या आईला, म्हणजे यमुनाबाईंना त्या चकचकीत पट्टीवरचे बारीक ठिपके दिसत नसत. त्या बोटाने चाचपून अक्षर शोधत आणि मग ब्रश टेकवत. माल पास झाला. छिन्नी मालकाच्या ड्रॉवरमध्ये गेली. मामांना बांधाबांधीला बसवलं. पॅनलच्या चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घालायच्या आणि पट्टी आवळायची.

लोक म्हणाले, चला, निभावलं. पण मामा त्या दिवसापासून 'कुनाची हाय ही?' म्हणायचे थांबले. पाना हरवला, जग हरवला, कुणाचीतरी चप्पल दोन दिवस दारात पडून राहिली. मामा पुठ्ठ्याच्या टोप्या घालत राहिले.

माफी मागायला मी एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. बाळापुरातच एका गल्लीत दोन खोल्या, वर पत्रे. मामा एकटेच राहतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. हेही मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी चहा केला, स्टीलच्या ग्लासात दिला. मी त्यांच्याकडूनच लागलेल्या सवयीने ग्लास वर धरून बूड पाहिलं.

कोरं.

फडताळातलं ताट पाहिलं. कोरं. तांब्या, परात, कळशी, चहाची किटली. साऱ्या तालुक्याच्या भांड्यांवर नावं टाकणाऱ्या माणसाच्या घरात एका चमच्यावरही अक्षर नव्हतं.

"मामा, हे काय?"

त्यांनी ताट माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "कौसाची हायत ती. माजी बहीन."

कौसाबाईंचं लग्न भर सराईत झालं. मामांच्या पुढ्यात दुनियेची भांडी होती, लोक डोक्यावर बसलेले. बहिणीची भांडी घरचीच, त्यांनी ती शेवटी ठेवली. म्हणाले, तुजी रातून करतो. झाली नाहीत. वरात निघाली तेव्हा म्हणाले, पंचमीला येशील तवा घेऊन ये, टाकून देतो. कोण पंचमीला हंडे घेऊन माहेरी येतं?

चार वर्षांनी नवऱ्याने तिला टाकलं. मामा आणायला गेले. सासरच्यांनी घरातली सगळी भांडी अंगणात मांडली आणि चार माणसांदेखत म्हणाले, तुजी कोनती ती दाखव अन् घेऊन जा.

"तिला समदी ठावी व्हती बघा," मामा म्हणाले. "ही परात माजी, हिला हितं पोचा हाय. हा हंडा माजा. ते म्हनले, नाव कुठं हाय? समद्यांच्या भांड्यावर हाय, तुज्या भावानंच टाकलंय. तुज्यावर काहून न्हाई?"

ती रिकाम्या हाताने आली. मामांनी हळूहळू घरात नवी भांडी घेतली, आणि पहिल्या हंड्यावर तिचं नाव टाकायला बसले. तिने छिन्नी काढून घेतली. म्हणाली, "आता कशाला दादा? मी कुठं चाललेय?" पुढे तेवीस वर्षं ती याच घरात राहिली. त्यावरून एक शब्दही बोलली नाही. गेल्या साली गेली.

मामा उठून बाहेर गेले. मी मागे गेले. पत्र्यावर एक पॅनल होतं. कोपऱ्यातल्या सेलला तडा. मी ते ओळखलं. मीच बाद केलेलं होतं ते, अगदी खुशीत. मालकाकडून मागून मामांनी घरी आणलं होतं.

"तिला उकडायचं लई," ते म्हणाले. "पंखा चालतो हेच्यावर. कोपरा गेला तर काय, बाकी बराबर हाय."

मी शिडीवर चढून चौकटीच्या आतून बोट फिरवलं. तिथेही काही नव्हतं.

"मामा, छिन्नी मी मालकाकडून आणते. भांडते. या चौकटीवर तरी कौसाबाईंचं नाव टाका."

"टाकून काय करू? वाचनार कोन?"

पंखा आत रिकाम्या खोलीत फिरत होता. त्याचा आवाज येत होता. मामा पॅनलकडे पाहत होते, मग रस्त्याकडे पाहायला लागले, जिकडून आमचे ट्रक जातात.

"पोरी, आपली ती नावाची पॅनलं चालू असतील का गं?" त्यांनी विचारलं. "बाजारात बसत व्हतो तवा मानसं परत यायची. म्हनायची, मामा, अक्षर अजून गेलं न्हाई. ट्रकातून गेलेलं कुनी सांगाया येत न्हाई. वॉर्निश टिकलं का? खाल्लं का त्यानं नावापासून? यमुनीचं चालू हाय का बंद पडलं? काईच कळत न्हाई."

पंचवीस वर्षं चालेल असं लेबलवर छापणारी मी, एकही पॅनल कुठे गेलं हे मला सांगता येत नव्हतं.

मी आजवर बरीच पत्रकं लिहिली आणि सगळ्यांत तुम्हाला उठायला, जागं व्हायला सांगितलं. आज तुम्हाला फक्त वाकायला सांगते. हिंगोली, कळमनुरी, औंढा, वसमत, सेनगाव, तुम्ही जिथे कुठे असाल तिथे पंपावर, शाळेवर, ग्रामपंचायतीवर पॅनल बसवलेलं दिसलं तर थांबा. खाली वाका. खालच्या पट्टीच्या आतून बोट फिरवा. ठिपके लागले तर अक्षर लावा आणि नाव मोठ्याने वाचा, गावासकट. ठिपक्यांशी धातू खाल्लेला आहे का तेही बघा, आणि असेल तर तसंही सांगा. मग बाळापूरच्या बाजूला येणाऱ्या कुणाजवळही निरोप द्या. गोदावरी, जवळा बाजार, चालू आहे. एवढाच पुरे. कापसाच्या जुन्या गोदामात पटक्यावर जाळीची टोपी घालून एक म्हातारा पुठ्ठे लावत बसलेला असेल. त्याला सांगा म्हणावं.